घरामागं एक

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. मोरिवलीत आमच्या आळीत अजून म्हणतात, सगुणाच्या तोंडी लागू नका. पण तापटपणाहून माझी मोठी खोड म्हणजे चौकसपणा. एखादी गोष्ट उलगडली नाही की मला घास उतरत नाही. कोशिंबवाडीच्या शाळेत जे मला कळलं ते या चौकसपणापायी, आणि कळल्यावर जो घोटाळा झाला तोही त्याच्याचपायी.

१९५३ ची दिवाळी सरली आणि मला मास्तरकीची नोकरी लागली. आगऱ्याच्या घरातली फायनल पास झालेली बाई आमच्या भागात तेव्हा दुसरी नव्हती. माझा भाऊ जनू अंबरनाथला कारखान्यात होता. त्यानं उल्हासनगरच्या कॅम्पातल्या सिंधी दुकानदाराशी घासाघीस करून खडूचं खोकं आणि पाटीवरच्या पेन्सिली आणल्या, माझ्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाला, "घ्या, बाईसाहेब!" मी बदलापुरात मावशीकडं राहायला गेले. तिथून कोशिंबवाडी अडीच मैल. ओढा ओलांडून चढण चढलं की कौलारू एक खोली लागायची. तीच शाळा. तिच्या वरच्या अंगाला बावीस घरांची ठाकरांची वाडी.

ही शाळा दोन वर्षांपूर्वी उघडली होती बदलापूरच्या मोठ्या शाळेच्या हेडमास्तरांनी. त्यांना सगळे आण्णा म्हणत. मधल्या काळात एक मास्तर आठवड्यातनं दोनदा तिथं जाऊन सही करून येत, बस्स. पहिल्या दिवशी आण्णांनी मला हजेरीपट दिला आणि वर एक परिपत्रक वाचून दाखवलं. शिक्षकाने केवळ शिकवून थांबू नये, गावाचे पुढारपणही करावे, असं त्यात होतं.

"पुढारपण म्हणजे नेमकं काय करायचं?" मी विचारलं.

"ते परिपत्रकात दिलेलं नाही," आण्णा म्हणाले. "तुम्ही एवढंच सांभाळा. जानेवारीत दिपोटीसाहेब तपासणीला येतील. त्या दिवशी वीसच्या खाली पोरं दिसली तर शाळा उचलून दुसऱ्या गावाला देतील. तुमची नोकरीही गेली म्हणून समजा."

मी मनात म्हटलं, यात काय अवघड आहे! हजेरीपटावर बावीस नावं होती आणि रोज बावीसच्या बावीस हजर. बदलापूरच्या शाळेत आण्णांच्या नाकाखाली निम्मी पोरं दांडी मारायची, आणि इथं डोंगरात एक नाव चुकत नव्हतं. पहिले पंधरा दिवस मी नुसती हवेत होते.

मग मला भीमा खटकायला लागला. सोमवारी भीमाचा पुढचा दात अर्धा तुटलेला असायचा. मंगळवारी त्याच भीमाचे दात अख्खे. बुधवारी पुन्हा तुटका. पोरापोरींची सगळ्यांची डोकी तासलेली, माना खाली, "हजर" म्हणताना सुद्धा कुणी वर बघायचं नाही. मला वाटलं, आपल्यालाच चेहरे ओळखता येत नाहीत. मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "डोळे तपासून घे गं, आत्ताच नोकरी लागलीय."

डोळ्यांवर तरी किती ढकलायचं? पण गंमत अशी की शिकवणं कुठं अडतच नव्हतं. सोमवारी मी 'सात चोक अठ्ठावीस'वर थांबले, तर मंगळवारी अख्ख्या दातांचा भीमा 'सात पाचे पस्तीस'पासून गाडी पुढं नेई. शिकवणं अडलं असतं तर मी पहिल्या आठवड्यातच चोरी पकडली असती. हा पोरगा एका दिवसात दात उगवतो, दुसऱ्या दिवशी पाडतो आणि पाढे मात्र विसरत नाही, हे कसं काय?

दोन वर्षांपूर्वी मतदानाच्या वेळी बोटाला शाई लावलेली मी पाहिली होती. तीच युक्ती केली. एका सोमवारी शाळा सुटताना प्रत्येकाच्या अंगठ्याच्या नखावर दौतीतल्या शाईचा ठिपका दिला. मंगळवारी हात पुढं करायला लावले. ठिपके निघाले नऊ! "शाई घासून काढलीत का रे?" म्हणून मी ओरडले. बावीस जणांनी बावीस जोड्या पायांकडं बघितलं. त्या दिवशी चढण उतरताना माझं डोकं नुसतं भणभणत होतं.

आणि गुरुवारी नवसी आली.

मी नावं पुकारत होते. "सखा?" म्हटलं, तर "हजर" असा बाईमाणसाचा आवाज आला. वर बघते तर तिसऱ्या रांगेत पोरांच्या मधोमध एक तिशीची बाई मांडी घालून बसलेली. मांडीवर पाटी, शेजारी जमिनीवर कोयता. पोरं अशी गप्प बसलेली, की यात काही नवल आहे असं त्यांना वाटतच नव्हतं.

"अहो, तुम्ही कोण?"

"सखाच्या जागी आलीय, बाय. मी नवसी, त्याची आय."

"म्हणून तुम्ही वर्गात बसणार?"

"आमची पोर जिवली तापलीय. तीच येती रोज. आन् धनी मोळी घेऊन बाजारला गेलाय. मंग कोन येनार? आमच्या घरचा मानूस कमी पडला आसता."

मला हसावं की रागवावं कळेना. म्हटलं, बघू तरी. "बरं, सात नव्वे किती?"

"त्रेसष्ट," ती फटकन म्हणाली. "काल तितंच थांबला होता ना तुमी? आज सात दाहे घ्या."

"तुम्हाला कुणी सांगितलं, काल मी कुठं थांबले ते?"

"जिवलीनं. घरी आल्यावर सांगावाच लागतो. उद्या जो जाईल त्याला ठावं नको, काम कुठवर आलंय ते? नाय तर कारभारी सोलून काढायचा."

"कारभारी? शाळेत कुठला आलाय कारभारी?"

नवसीनं माझ्याकडं असं बघितलं, की ही बाई एवढी शिकलेली आणि हिला एवढंही ठाऊक नाही! मग तिनं सांगितलं. आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला.

पूर्वी या वाडीवर वेठ होती. खालच्या मालकाच्या शेतात घरामागं एक माणूस रोज फुकट राबायला जायचा. कोण जातं त्याच्याशी मालकाला घेणं नव्हतं, डोकी बावीस भरली की झालं. आज बाप, उद्या भाऊ, परवा सून. घरी आल्यावर नांगर कुठवर गेला, बांध कुठवर रचला, ते दुसऱ्या दिवशी जाणाऱ्याला सांगायचं. तो चुकला तर सगळ्या घराला मार. मग कायदा झाला, वेठ गेली. आणि पुढं थोड्याच वर्षांत आण्णा शाळा उघडायला वर चढले. वाट माहीत नव्हती म्हणून बरोबर कुणाला घेतलं असेल? मालकाच्या त्याच कारभाऱ्याला! अंगणात उभं राहून त्यानं हाळी दिली, "सरकारचा हुकूम आहे, घरामागं एक पोर!" आण्णांनी भरभर बावीस नावं लिहून घेतली आणि खाली उतरले.

वाडीला वाटलं, वेठ परत आली. या वेळी पोरांची आणि बसायची. तशी सोपीच म्हणायची.

म्हणजे माझे भीमा दोन होते. कुणाच्या घरची तिघं पाळीनं येत होती. मी एकीला शिकवलं की ती घरी जाऊन उद्याच्याला शिकवत होती, आणि चुलीपाशी बसून आया ऐकत होत्या. कारभाऱ्याच्या धाकानं सगळ्या वाडीला सातचा पाढा पाठ झाला होता. शाळा सुटल्यावर मी नवसीबरोबर वर गेले आणि हिंडून डोकी मोजली. शाळेच्या वयाची पोरं एक्कावन्न.

मी तडक आण्णांकडं गेले. त्यांनी सगळं ऐकलं, दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "हजेरी पूर्ण भरते ना? मग कुणाजवळ बोलू नका."

"आण्णा, त्या लोकांना वाटतंय शाळा म्हणजे वेठ आहे!"

"वाटू द्या की. येतात ना?"

माझं टाळकंच सटकलं. पुढारपण करा म्हणून परिपत्रक वाचून दाखवलं होतं ना मला? आता बघाच म्हटलं. रविवारी दुपारी मी वाडीवर सभा घेतली. मी पंचवीस वर्षांची, समोर सत्तर-ऐंशी माणसं, आणि मी हात हलवून भाषण करतेय. शाळा वेठ नाही. शाळा तुमची आहे. कुणाची सक्ती नाही. जो येईल त्यानं स्वतःसाठी यावं, सगळ्यांनी यावं.

वाडीचा म्हातारा पुढारी धाकलू मान तिरपी करून ऐकत होता. "नाय आलो तर दंड?"

"नाही."

"मार?"

"नाही हो!"

"कारभारी?"

"कुणीसुद्धा येणार नाही."

धाकलूच्या तोंडावर हसू पसरलं. बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. कुणीतरी माझ्या पदरात ओंजळभर वालाच्या शेंगा टाकल्या. उतरताना मला वाटलं, झालं, पुढारी झाले मी.

सोमवारी शाळेत एकही पोर आलं नाही.

मंगळवारी नाही. बुधवारीही नाही. मी रिकाम्या खोलीत खुर्चीवर बसून राहायचे. सक्ती नाही म्हटल्यावर कोण कशाला येईल? माझी मीच शाळा मोडली होती, आणि ती सुद्धा भाषण करून! तेवढ्यात बदलापुरात निरोप येऊन पडला की उद्या गुरुवारी दिपोटीसाहेब येणार.

"आता वर जा आणि हुकूम आला म्हणून सांगा," आण्णा म्हणाले. "एका दिवसाचा प्रश्न आहे. नंतर काय पुढारपण करायचं ते करा."

खोटं कशाला बोलू, मी तेच सांगायला निघाले होते. नोकरी गेली तर जनूला काय तोंड दाखवू, मोरिवलीत काय म्हणतील, हेच डोक्यात होतं. शाळा दुसरीकडं गेली असती तर या वाडीवर पुन्हा कधी खडू चढला नसता, हेही होतं, पण ते मागून आठवलं.

वाटेत नवसी भेटली. भात निघालेल्या खाचरात वाल उभा होता आणि ती त्यात घुसणारी गुरं हाकत होती. मला बघून ती बांधावर आली. हुकमाचं वाक्य माझ्या ओठांवर होतं. पण आधी चौकसपणा आडवा आला. विचारलं, "का गं, तुला येवढे पाढे येतात, आणि पोरीला पाठवत नाहीस?"

"पाठवायचा नाय आसं नाय," ती म्हणाली. "तीन दिस झाले, वाडीत रोज भांडनं हाईत. वेठ होती तवा बरा होता, बाय. एकानं जायचा, बाकीच्यांनी कामं करायची. आता तुमी म्हनता सगळ्यांनी या. मंग गुरं कोन राखनार? वाल खाल्ला म्हंजी वरीसभर काय खायाचा? तानी पोरं कोन सांबाळनार? आन् ह्ये ठरवायचा कुनी? आमाला कदी कुनी इचारलंच नव्हता, की तुमचा काय म्हनना हाय म्हनून."

मी बांधावर बसलेच. अगं बाई! मी समजत होते की सक्ती गेली तशी यांची शाळेची गरजही गेली. आणि ही माणसं तीन दिवस बसून खल करत होती. माझ्या भाषणात गुरांचं नाव नव्हतं, तान्ह्या पोरांचं नव्हतं. सगळ्यांनी या म्हणून मी मोकळी झाले होते. हुकूम काढणारा कारभारी आणि मी, यात फरक एवढाच की मी गोड बोलले होते. माझी मलाच लाज वाटली.

"नवसी," मी म्हटलं, "उद्या साहेब येणार आहेत. वीस पोरं नसली तर शाळा बंद करतील. हा हुकूम नाही. नुसतं सांगतेय, कारण तुम्हाला ठरवायचंय तर हे ठाऊक पाहिजे. काय ठरवाल ते ठरवा."

एक गाय पुन्हा वालात शिरली म्हणून ती धावत गेली. मी तशीच खाली उतरले. मावशीनं भाकरी वाढली, ती मी चिवडत बसले.

गुरुवारी साहेब सायकल ओढ्यापाशी ठेवून चढण चढून आले. गोरेगोमटे, घामाघूम झालेले. मी त्यांना खुर्ची दिली. दहा वाजले. खोली रिकामी. त्यांनी हजेरीपट उघडला आणि म्हणाले, "गेल्या आठवड्यापर्यंत शंभर टक्के, आणि या आठवड्यात शून्य? साथबीथ आली काय?"

मी सगळं सांगून टाकलं. दात, शाई, नवसी, वेठ, भाषण, सगळं. साहेब आधी कपाळाला आठ्या घालून ऐकत होते, मग पुढं सरकून बसले. "म्हणजे आई सुद्धा येऊन बसली होती? आणि तिला पाढे येत होते?" त्यांनाही माझ्यासारखीच खोड असावी. पण शेवटी घड्याळ बघून म्हणाले, "बाई, हे सगळं खरं असेल. पण मला शेऱ्यात डोकी लिहावी लागतात."

त्यांनी पेनचं टोपण काढलं. मी खिडकीकडं तोंड केलं.

तेवढ्यात वरून गुरांच्या गळ्यातली लाकडी लोढणी खडखडायला लागली. बघते तर सगळी वाडी उतरतेय! पुढं गुरं, मागं पोरं, कडेवर तान्ही, आणि सगळ्यांच्या मागं काठी घेतलेली बापे माणसं. गुरं शाळेच्या मागल्या माळावर वळवली. बापे त्यांच्याभोवती पांगले. म्हाताऱ्या तान्ही घेऊन आंब्याखाली बसल्या. पोरं आत शिरली आणि खोलीत मावेनात.

धाकलू दारात उभा राहिला. साहेबांना त्यानं रामराम घातला नाही, माझ्याकडं बघून बोलला. "बाय, उशीर झाला. ठरता ठरत नव्हता. आता ठरलाय. आजपास्नं गुरांची पाळी मोठ्या मान्सांची. घरामागं एक."

साहेबांनी स्वतः उठून डोकी मोजली. सत्तेचाळीस. त्यांनी पुन्हा मोजली. मग शेऱ्यात आकडा लिहिला, खाली सही केली, आणि मी तो आकडा उलटा वाचून घेतला. शाळा राहिली होती! मला मोठ्यानं हसायचं होतं.

"आता हजेरी घ्या," साहेब म्हणाले.

मी जुन्या पटावरची नावं पुकारायला लागले. "भीमा?" तुटक्या दाताचा उभा राहिला. अख्ख्या दातांचा त्याच्या शेजारीच होता, पण तो गप्प बसून राहिला. तेव्हा लक्षात आलं, सहा आठवडे याला शिकवलं आणि याचं नाव मला ठाऊक नाही. आज कुणी दुसऱ्याच्या नावानं ओ देत नव्हतं.

"सखा?"

कुणी उभं राहिलं नाही. जिवली दुसऱ्या रांगेत होती, ताप उतरलेली. तिनं आईकडं बघितलं.

"सखा?" मी पुन्हा म्हटलं. "नवसी, सखाला नाही आणलंस?"

नवसी दाराशी उभी होती. "सखा नाय, बाय," ती म्हणाली. "गेल्या सालच्या पावसात तापानं गेला."

मी पेन खाली ठेवलं. "अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"मानूस मेला म्हनून वेठ सुटत नसती. माझा सासरा मेला तवा त्याच्या नावावर मी गेली व्हती राबायला. मला वाटला, ह्यो बी लिवलेला, म्हंजी भरायलाच पायजे."

सहा आठवडे रोज सकाळी मी त्या पोराला हाक मारली होती. रोज त्याच्या बहिणीनं, आणि एक दिवस त्याच्या आईनं, त्याच्यासाठी हजर म्हटलं होतं. आणि मी बावीसच्या बावीस म्हणून मिरवत होते. माझ्या डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं, साहेबांसमोरच. साहेब पटाकडं बघत राहिले.

मी पेन उचललं. सखाच्या नावावर रेघ मारून खाली जिवलीचं नाव लिहायचं, एवढंच काम. पण पेन कागदावर टेकेना.

नवसी पोरांमधून वाट काढत टेबलापाशी आली. तिला अक्षर येत नव्हतं, तरी तिनं विचारलं, "ह्येच का त्येचा नाव?" मी मान हलवली. तिनं त्यावर बोट ठेवलं, जरा वेळ ठेवलं आणि काढून घेतलं.

"मारा रेघ, बाय," ती म्हणाली. "सुटला माझा पोरगा."